सूर्य वर येऊ द्या, मग पायडल मारा

नागपूरकडची पोरं गिअरच्या सायकली घेऊन नागभीडला येतात आणि दुकानाशी थांबली की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, चढ किती आहे?" पोरंहो, चढाची चिंता करू नका. हा धानाचा मुलूख, बराचसा सपाट. टेकड्या आहेत, पण त्या रस्त्याच्या बाजूने चालतात, आडव्या फारशा येत नाहीत. इथे माणसाला दमवते ती वेळ. भलत्या महिन्यात, भलत्या तासाला निघालात तर वीस किलोमीटरही नको होतात. वेळ साधली तर शंभर किलोमीटर गप्पा मारत होतात.

आमचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमन, दूधवाले, आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारे. सगळ्यांचं पोट सायकलवर. त्यांनी वडिलांना सांगितलेलं आणि वडिलांनी माझ्या कानात घातलेलं तेच इथे सांगतो.

मोसम ओळखा

दिवाळी ते होळी हे आपले दिवस. जानेवारीत धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी निळी फुलते, तलाव भरलेले असतात, ऊन सोसवतं. मे महिन्यात मात्र येऊच नका. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो हे तुम्ही बातम्यांत ऐकता; तोच पारा डांबरी रस्त्यावर अंगाला काय करतो ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. नवतप्यात तर आमचेच लोक सकाळी दहानंतर घराबाहेर पडत नाहीत.

पावसाळ्यात दृश्य देखणं, रस्ता मात्र दगाबाज. रोवणी चालू असते, ट्रॅक्टर बांधीतून निघून रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल डांबरावर सोडून जातात. तुमचं बारीक टायर त्यावरून सरकतं. दुसरी गोष्ट रपट्याची. नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहत असेल तर थांबा. पाणी घोट्याइतकं दिसलं तरी सायकल आडवी उभी केल्यावर चाकावर जोर किती बसतो याचा अंदाज वरून येत नाही. ऑगस्ट 2020 च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा इकडे पाऊस नसतानाही वैनगंगेचं पाणी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरलं होतं. म्हणून नदीकडे जाताना आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, वर धरणात काय चाललंय तेही विचारा.

तास पाळा

शहरात सायकलवाले पहाटे साडेचारला निघतात. इथे ते चालत नाही. सूर्य वर आला, गुरं रानाकडे निघाली, शाळेची पोरं रस्त्यावर दिसली की आपण निघायचं. आणि दिवस मावळायच्या तासभर आधी गावात. कारण तुम्हाला माहीत आहे. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधला हा जंगलपट्टा. घोडाझरीला 2018 साली अभयारण्य जाहीर झालं, पण वाघ काही पाटी वाचून राहत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात तो गावाच्या शिवारात, नाल्याच्या झुडपात, कालव्याच्या पाळीवर कुठेही असतो. पहाट आणि संध्याकाळ त्याची, मधला दिवस आपला, अशी इथे वाटणी आहे.

थंडीत आणखी एक कारण. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, नाटक रात्रभर चालतं आणि पहाटे सारा गाव दुचाकीवर डोळे चोळत घरी निघतो. त्यात धुकं. वाघ लांब राहिला, त्या झोपाळू मोटारसायकलीची भीती धरा.

जंगलात खाली बसू नका

हा कानमंत्र सगळ्यांत मोठा, म्हणून नीट ऐका. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचताना, मेमध्ये तेंदूपत्ता तोडताना माणसं वाघाच्या तावडीत सापडतात. ही कामं वाकून, बसून करायची. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो. बसलेला, वाकलेला माणूस चौपायासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक सांगतात. आता विचार करा, जंगलात पंक्चर झालं तर तुम्ही काय करता? रस्त्याच्या कडेला उकिडवे बसता, मान खाली घालून. तसं करायचं नाही. सायकल ढकलत पुढच्या शिवारापर्यंत, मोकळ्या जागेपर्यंत चला. तिथेही एकाने काम करायचं, बाकीच्यांनी उभं राहून चौफेर बघायचं. लघवीला झुडपात शिरणं नाही.

एकट्याने जंगलाच्या रस्त्याला लागू नका. तिघं-चौघं असा, जवळ-जवळ चालवा, बोलत राहा, घंटी वाजवत राहा. कानात ते गाण्याचं यंत्र नको. समोर जनावर आलंच तर थांबा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. पळणाऱ्याच्या मागे जनावर धावतं. मोह गळायच्या दिवसांत अस्वलाचंही भान ठेवा. मोहाचा त्याला आपल्यापेक्षा जास्त शौक.

निघण्यापूर्वी चहाच्या टपरीवर विचारायचं, "आज पट्टेदार कुठे हाय जी?" लोक सांगतात. गुराखी सांगतो, वनरक्षक सांगतो. "तिकडून नका जाऊ" असं म्हटलं की वाद घालायचा नाही. मोबाईलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, सकाळी कोणाची गाय मारली ते दाखवत नाही.

रस्ते कोणते

पहिल्यांदा येणाऱ्याने घोडाझरी करावं. नागभीडपासून जवळ, दोन्हीकडे टेकड्या आणि मधे इंग्रजी अमदानीत बांधलेला तलाव. पाळीवर सायकल हाताने न्या. सांडव्याच्या दगडांवर शेवाळ असतं, तिथे बूट घालून चढू नका. आणि पाण्यात उतरू नका. काठाशी गुडघाभर वाटतं आणि दोन पावलांवर तळ सुटतो. घोडाझरीत तरणीताठी पोरं बुडाली आहेत.

दुसरा रस्ता तळोधीवरून सिंदेवाहीचा. या अंगाला सातबहिणींचा डोंगर, पेरजागड म्हणतात तो. चढायचं असेल तर सायकली खाली गावात ठेवा. वर कड्यांना आग्या मोहोळं असतात. अंगाला अत्तर, हातात बिडी आणि तोंडात आरोळी यांतलं काहीही नको. सिंदेवाहीला भाताचं संशोधन केंद्र आहे. दम असेल तर पुढे पाथरीकडे आसोलामेंढ्याचा तलाव बघा. गोसीखुर्दचा उजवा कालवा आता याच तलावाला पाणी देतो. कालव्याच्या कडेचा रस्ता रिकामा आणि सरळ दिसतो, मोह होतो. पण वस्ती नाही, सावली नाही आणि जनावरं पाण्याला तिथेच येतात. मोठ्या रस्त्यानेच जा.

तिसरा ब्रह्मपुरीवरून वैनगंगेचा. जंगल कमी, धानाचं शिवार जास्त, म्हणून बायका-पोरांना घेऊन निघालात तर हाच धरा. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा, समोर आरमोरी. तिकडे पुढे जायचं तर हत्तींची चौकशी करा. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरतो आहे. वाघाच्या बाबतीत आमच्या लोकांना पिढ्यांची सवय आहे, हत्ती सगळ्यांनाच नवा. त्याच्यापासून लांब राहणं एवढाच उपाय.

कान्प्याकडून नागपूरला जाणारा मोठा रस्ता सायकलीचा नाही. ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही आणि दिसलात तरी तो थांबत नाही.

थकलात तर लाज वाटून घेऊ नका, रेल्वे आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही स्टेशनं ओळीने येतात. गाड्या थोड्या, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा. नागपूरची छोटी गाडी मात्र 2019 साली बंद झाली, रूळ मोठे करायला. म्हातारे अजून तिची आठवण काढतात.

तलावाचा आणि धानाचा मान

इथले गावतलाव कोहळी लोकांनी गोंडराजांच्या काळात बांधले. आज त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. पाळ मातीची आहे. ओल्या पाळीवरून चाक गेलं की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी मुरतं. म्हणून पावसाळ्यात पाळीवर सायकल चालवू नका. घाटावर बाया कपडे धूत असतील तिथे फोटो काढायला थांबू नका. ढीवरांची जाळी वाळत घातलेली असतील तर वळसा घाला.

नोव्हेंबर-डिसेंबरात लोक रस्त्यावर धान वाळायला टाकतात. त्यावरून चाक नेऊ नका. एक तर दाण्यांवर टायर घसरतं, दुसरं म्हणजे ते कोणाचं तरी वर्षाचं पोट आहे. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतली वेगळी लोंब हेरून निवड करत करत एचएमटी हा तांदूळ काढला. तुमच्या नागपूरच्या ताटातही तो असतो. उतरा, दहा पावलं हाताने ढकला.

पिशवीत काय असावं

तुमची सातशेची ट्यूब गावात मिळत नाही. आमच्याकडे सव्वीस-अठ्ठावीसचा माल. दोन ट्यूब स्वतःच्या बाळगा. तुमच्या बारीक व्हॉल्व्हला आमच्या पंपाची नळीही बसत नाही, तेव्हा तो पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

काटा बाभळीचा. शेताच्या कुंपणाच्या फांद्या ओढून नेताना रस्त्यावर सांडतात. पंक्चर झालं की पोरं घाईने नवी ट्यूब घालतात आणि कोसभरावर पुन्हा बसतात, कारण काट्याचं टोक टायरमध्येच असतं. बोटाने शोधू नका, बोट फाटेल. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून एक पूर्ण फेरी फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे टोक आहे. ते बाहेरून दिसत नाही, आतून ढकलून चिमट्याने ओढायचं. मग त्याच जागेपासून पुन्हा एक फेरी, कारण बाभळीचे काटे जोडीने असतात. ठिगळ लावायचं तर ट्यूब काचकागदाने खरवडा, सोल्युशन लावा आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्या सोल्युशनवर ठिगळ दाबणारा माणूस संध्याकाळी पुन्हा माझ्या दुकानात असतो.

खायला फुटाणे आणि गूळ, प्यायला साधं पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर. जंगलात फोनला रेंज नसते. म्हणून निघताना कोणाला तरी सांगा, कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परत.

थंडीत या. नागभीडला उतरलात की आधी कोणाही सायकलवाल्याकडे जाऊन ब्रेक आणि हवा बघून घ्या. तेवढ्याचे पैसे इथे कोणी घेत नाही. दिवसभर मनसोक्त फिरा. मात्र दिवस मावळल्यावर "काका, आम्ही अजून रस्त्यावरच आहोत" असा फोन करू नका.