तेल, पंथ आणि राज्य : इराकचा प्रश्न

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून काही पलटणी जहाजाने इराणच्या आखाताकडे रवाना झाल्या. त्यांत ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबरात ६ व्या पुणे डिव्हिजनच्या या सैन्याने फाओ व नंतर बसरा घेतले. जवळच अबादान येथे इंग्रजी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याचे रक्षण हा मोहिमेचा एक हेतू होता. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे याच डिव्हिजनला तुर्कांपुढे शरण जावे लागले. त्या प्रदेशाशी व तेथील तेलाच्या राजकारणाशी मराठी माणसाचा संबंध असा जुना आहे. म्हणूनच हा विषय मी अभ्यासास घेतला.

महायुद्धानंतर तुर्की साम्राज्यातील बसरा, बगदाद व मोसुल हे तीन प्रांत जोडून इंग्रजांनी इराक हे राज्य घडविले. दक्षिणेत बहुसंख्य शिया अरब, उत्तरेच्या डोंगरांत कुर्द, पश्चिमेस व मध्यभागी सुन्नी अरब, अशी वस्ती होती. १९३२ पर्यंत तेथे भारतीय रुपयाच चालत असे. १९२७ मध्ये किर्कुकजवळ तेलाचा मोठा साठा सापडला. १९७२ मध्ये इराक सरकारने परकीय कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९७३ च्या भाववाढीने तिजोरी भरली. परंतु ती तिजोरी थोड्यांच्या हाती राहिली. इराणशी युद्ध (१९८०–८८), कुवेतवरील आक्रमण (१९९०) व त्यानंतरचे आर्थिक निर्बंध यांत देश खंगला.

२००३ मध्ये अमेरिकेने सद्दाम हुसेन यांची राजवट उलथविली. मे महिन्यात बाथ पक्षाच्या वरिष्ठांना नोकऱ्यांतून काढण्याचा व सैन्य बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. लाखो हत्यारबंद माणसे एका दिवसात बेकार झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्रा येथील शियांच्या पवित्र वास्तूवर स्फोट झाला आणि बगदादमधील मिश्र मोहल्ले फुटले.

येथे असे म्हटले जाते की, हे वैर शेकडो वर्षांचे आहे, त्याला इलाज नाही. मला हे मत पटत नाही. एकाच टोळीत शिया व सुन्नी शाखा असणे, एकाच घरात दोन्ही पंथांची सोयरीक होणे, हे इराकमध्ये नवलाचे नव्हते. उलट, सगळा दोष तेलावर टाकणेही चूक आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर आपल्या जोगेश्वरीतही अनेक कुटुंबे घरे सोडून आपापल्या समाजाच्या वस्तीत गेली. तेथे कोठे तेल होते? भीती एकदा शिरली की माणूस आपल्यांत आसरा शोधतो. मग तेलाने काय केले? तेलाने त्या भीतीला पगार दिला.

याचा अर्थ असा. पंतप्रधान शिया, राष्ट्राध्यक्ष कुर्द व लोकसभेचा सभापती सुन्नी, असा संकेत २००३ नंतरच्या व्यवस्थेत रूढ झाला. खातीही पक्षांत वाटली गेली. सरकारी उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग तेलातून येतो. ज्याला खाते मिळाले, त्याच्या हाती नोकऱ्या व कंत्राटे आली. पंथ ही श्रद्धा न राहता नोकरीची चिठ्ठी झाली. २००५ च्या राज्यघटनेच्या १११ व्या कलमात तेल व वायू सर्व जनतेच्या मालकीचे आहेत असे लिहिले आहे. पण त्याची वाटणी ठरविणारा कायदा २००७ मध्ये मसुदा होऊनही संमत झाला नाही. किर्कुक कोणाचे, हे ठरविण्याचे सार्वमतही त्या वर्षी व्हावयाचे होते, ते झाले नाही.

दुसरी गोष्ट करांची. आमच्या घाटकोपरच्या वस्तीत पाणी गढूळ आले की बायका पाणीपट्टीची पावती हातात घेऊन जाब विचारायला जातात. जे सरकार लोकांच्या करावर चालत नाही, त्याला पावती कोणती दाखवावी? २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात दूषित पाण्याने लाखाहून अधिक लोक आजारी पडले. देशाचे बहुतेक तेल याच जिल्ह्यातून निघते!

ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया, बसरा येथील तरुण रस्त्यावर उतरले. बहुतेक शिया होते आणि त्यांचा रोष शिया पक्षांच्याच सरकारवर होता. त्यांत बेकार पदवीधर होते. त्यांची घोषणा होती, ‘आम्हाला देश हवा’. पाचशेहून अधिक माणसे मारली गेली व पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला.

माझ्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. वशिल्याशिवाय नोकरी मिळेल का, ही चिंता आमच्याकडे रोज जेवताना निघते. म्हणून नासिरियाच्या त्या पदवीधरांचे दुःख मला परके वाटत नाही. त्यांनी पंथाचा वाटा मागितला असता, तर एखादी चिठ्ठी कदाचित मिळाली असती. त्यांनी ती मागितली नाही. पडक्या इमारती तेलाच्या पैशाने पुन्हा उभ्या राहतात; पण ‘आपला माणूस’ पाहून नोकरी देण्याची रीत जोवर मोडत नाही, तोवर देश उभा राहिला असे म्हणता येणार नाही. हे इराकपुरतेच खरे आहे, असे मला वाटत नाही.