नावाआधी नंबर बघ

भाचीबाई, तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली, आणि आता तू नवेगाव बांधला सेवा केंद्र उघडलंस. प्रिंटर, पासवर्ड यातलं मी तुला काय सांगणार! पण लोक तुझ्याकडे नुसते दाखले मागायला येणार नाहीत. ‘कायद्यात काय लिहिलंय ते काढून दे जी’ असंही म्हणतील. तेव्हा मामाचं एवढं ऐक. कायद्याचं नाव नंतर वाच. आधी साल, क्रमांक आणि तो कोणत्या विधिमंडळाचा, हे बघ.

नाव फसवतं. ग्रामपंचायतीचाच कायदा घे. मूळ नावात 1958, क्रमांक मात्र सन 1959 चा 3. छापणाऱ्याची चूक नाही ती. नावातलं साल विधेयकातच लिहिलेलं असतं. कायद्याचा क्रमांक पडतो तो दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राज्यपालांची, काही वेळा राष्ट्रपतींची, अनुमती मिळाल्यावर. दर जानेवारीत ही मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबरात मंजूर झालेल्या विधेयकाला जानेवारीत अनुमती आली, की नावात जुनं साल राहतं आणि नंबरात नवं येतं. जिल्हा परिषदेच्या कायद्याचं बघ, नावात 1961 आणि क्रमांक 1962 चा 5.

शिवाय नावं बदलतात. ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम’ असं आम्ही जन्मभर लिहिलं. त्यातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं ते सन 2012 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 24 मुळे, आणि तेही 1 मे 1960 पासून धरून! जुन्या निकालात एक नाव, नव्या नोटिशीत दुसरं; माणूस समजतो कायदे दोन आहेत. 1959 चा 3 दोन्हीकडे दिसला की गोष्ट मिटली.

पेपरात ‘विधानसभा विधेयक क्रमांक अमुक’ छापून येतो, तो कायद्याचा क्रमांक नव्हे. विधेयकांची मोजणी वेगळी, अध्यादेशांची वेगळी. लोकसेवा हक्काचा कायदा, ज्यावर तुझं अर्धं दुकान चालणार, तो आधी अध्यादेश म्हणून आला. मग सन 2015 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 31 झाला, आणि 28 एप्रिल 2015 पासून अंमलात आल्याचं धरलं गेलं. अध्यादेशाचा नंबर अर्जावर घालत बसू नको.

आता आपल्या भागाची गोम. विदर्भ 1956 च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आला, त्याआधी मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्यामुळे आपल्या कागदांवर तऱ्हेतऱ्हेच्या विधिमंडळांचे शिक्के. तलावाच्या, निस्ताराच्या म्हणजे गावकऱ्यांच्या वापरहक्काच्या भांडणात कोणी जुनी फाईल आणली तर तीत ‘म. प्र. 1951 चा 1’ दिसेल. मालगुजाऱ्या संपवणारा तो कायदा. नावात इथेही 1950 आहे. ‘म. प्र.’ वाचून भोपाळकडे बघू नको, तेव्हा राजधानी नागपूर होती. पुढे महसुलासाठी म. प्र. 1955 चा 2 आला. त्याच्या जागी आपली जमीन महसूल संहिता, सन 1966 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 41. निस्तार पत्रक तिच्या कलम 161 मध्ये आहे, वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद, 165 मध्ये. हे दोन आकडे पाठ कर, या तलावांच्या मुलखात रोज लागतील.

कुळकायद्यात तर लोक हमखास गोता खातात. एका शेतकऱ्यानं पुण्याकडच्या सोयऱ्याचा अर्ज जसाच्या तसा उतरवून आणला होता. वर लिहिलेलं, सन 1948 चा 67. अरे बाबा, तो तिकडचा! आपल्याला विदर्भासाठीचा वेगळा, सन 1958 चा मुंबई अधिनियम क्रमांक 99. तिकडची कलमं इकडे लागत नाहीत. इंग्रजी प्रतीत हा 99 रोमन आकड्यात असतो, एक्ससीआयएक्स. सी म्हणजे शंभर, त्याच्या डावीकडे एक्स म्हणून दहा वजा, म्हणजे नव्वद. पुढचा आयएक्स म्हणजे नऊ. एकदा बोटावर मोजून घे.

कायद्याची प्रत हातात आली की पहिल्या पानावर क्रमांकाखाली कंसातली बारीक ओळ वाच. अनुमती आणि राजपत्रात प्रथम प्रसिद्धी यांच्या तारखा तिथं असतात. मग कलम 1 बघ. ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिवशी’ असं असेल तर छापला म्हणून कायदा लागू झाला असं नाही. महसूल संहिता 1966 ची, अंमल सुरू झाला 15 ऑगस्ट 1967 ला.

आणि तळटीपा सोडू नको. ग्रामपंचायतीच्या कायद्यात पानोपानी ‘1994 चा महा. 21’ सापडेल. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर केलेला तो मोठा बदल. दुरुस्ती करणाऱ्या कायद्याला स्वतःचा क्रमांक असतो, मूळ कायदा आपला क्रमांक सोडत नाही. म्हातारी प्रत स्वस्तात मिळते, पण तिच्यातलं कलम कदाचित वगळलेलंही असेल. विधि व न्याय विभागाची अद्ययावत प्रत उतरवून घे, ती कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते मुखपृष्ठावर बघ. जीआरला मात्र कायदा म्हणू नको. त्याच्यावरचा लांबलचक संगणक संकेतांक वेगळा.

गिऱ्हाईक ‘तो नवीन कायदा आला ना’ म्हणत आलं, तर कागद हातात पडल्याशिवाय हो म्हणू नको. आणि अर्जात पहिल्यांदा नाव येईल तिथं पूर्ण लिही: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (सन 1959 चा 3), कलम अमुक, पोटकलम तमुक. त्यानंतर ‘सदर अधिनियम’ एवढं पुरतं.