जुन्या बुलेट फटफटीच्या तारा : बदलणें व मांडणें

गेल्या भाद्रपदांत आम्हीं आपली जुनी ३५० सी. सी. ची बुलेट तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीस दिली होती. अ‍ॅक्सिलरेटरची तार तुटावयास आली होती, ती नवी घालून मिळाली. परत येतांना वस्तीच्या वळणावर हँडल डावीकडे वळवितांच, मूठ पूर्ण मिटलेली असूनहि, इंजिन एकदम गर्जूं लागलें. समोरून शेजारी बैलजोडी घेऊन येत होते. मागें आमचा पुतण्या बसलेला. क्लच दाबून किल्ली बंद करण्याचें सुचेपर्यंत गाडी कडेच्या चरांत गेली. बैल उधळले, पुतण्याचें मनगट दुखावलें, आमच्या गुडघ्याचें सालटें निघालें; इतक्यावर निभावलें. घरीं टाकी उतरवून पाहतों तों नवी तार हँडलाच्या मानेपाशीं सुतळीनें करकचून बांधलेली. तार चांगली होती, तिची वाट चुकली होती. दुकानाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. तशी बांधणी आम्हीं अनेक गाड्यांवर पाहिली आहे.

ही गाडी मूळ इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं तेथील कंपनीनें मद्रास मोटर्सशीं भागी केली व मद्रासेंत गाडीची जुळणी सुरू झाली. उजव्या पायास गिअर व डाव्या पायास ब्रेक असलेली ही जुनी घडण अजून पुष्कळ शेतकरी बंधूंच्या ओसरीवर उभी आहे. मागील ब्रेकास सळई असते. हँडलावरून मात्र तारा जातात : क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची, पुढील ब्रेकची व डीकॉम्प्रेसरची लहान तार.

ह्या प्रकारच्या तारेस बाउडन तार म्हणतात. अर्नेस्ट बाउडन यास १८९६ सालीं तिचें पेटंट मिळालें. आंत पिळाची पोलादी तार व बाहेर वेटोळ्यांचें आवरण, एवढीच तिची रचना. सामान्य समजूत अशी कीं, काम काय तें आंतील तारच करते. परंतु आंतील तार जितक्या जोरानें ओढली जाते, तितक्याच जोरानें बाहेरील आवरण दाबलें जातें. तें दोन्ही टोकांस आपापल्या बैठकींत टेकलेलें असेल तरच ओढ पलीकडे पोंचते. उलट, आवरणाचें टोक बैठकींतून दोन सूत उचललें गेलें, तर कोणी मूठ न पिळतांहि आंतील तार दोन सूत ओढली जाते. आमच्या गाडींत नेमकें हेंच झालें. हँडल डावीकडे वळलें कीं उजवी मूठ पुढें सरते. मध्यें बांधलेल्या आवरणास सैल जागा उरली नव्हती, म्हणून तें बैठकींतून निघालें व कार्बोरेटरचा पडदा वर उचलला गेला.

यास्तव जुनी तार काढण्यापूर्वीं तिची वाट टिपून घ्यावी. मोबाईलवर छायाचित्र घेतलें तरी चालेल. आमची हयात फाळणी-नकाशे चाळण्यांत गेल्यामुळें आम्ही कागदावरच टाचण करतों. मग जुन्या तारेच्या एका टोकास सुतळी बांधून दुसऱ्या टोकानें ती बाहेर ओढावी. सुतळी त्याच वाटेनें आंत राहते, आणि तिला बांधून नवी तार उलट ओढून घेतां येते. मात्र जुनी वाट मुळांतच चुकीची असेल तर सुतळी तीच चूक पुन्हां करील, हें ध्यानांत असावें.

नवी तार जुनीशेजारीं ताणून दोन मापें ताडावीं. एक आवरणाची लांबी. दुसरें, आवरण एका टोकास सारून आंतील तार किती उघडी राहते तें. पुष्कळजण पहिलेंच माप पाहतात आणि मग समायोजनाचा स्क्रू पुरत नाहीं. हँडल मागाहून उंच बसविलें असेल तर मूळ मापाची तार आंखूड पडणारच.

तार बसविण्याआधीं तिला तेल द्यावें. वरच्या टोकास कागदाचें नरसाळें बांधून त्यांत पातळ तेल ओतावें व तार रात्रभर खुंटीस उभी टांगावी. खालीं तेल ठिबकूं लागलें म्हणजे झालें. आवरणाच्या आंत नायलॉनची नळी असेल तर जाड ग्रीस मुळींच घालूं नये. ती घट्ट होते.

ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, नाडा सबंध झिजत नसे. चाकावर वांकण्याच्या जागींच त्याचे पदर सुटत. ह्या तारेचेंहि तसेंच. क्लचची तार बहुधा मुठीजवळील निपलापाशीं तुटते, कारण निपल दांडींत फिरेनासें झालें कीं प्रत्येक दाबणीस तारच वांकते. निपलास ग्रीसचें बोट लावण्यास क्षणभर लागतो. एक पदर जरी तुटलेला दिसला तरी तार बदलावी.

वाटेविषयीं आमचा अनुभव असा कीं, वळणें जितकीं थोडीं व रुंद, तितकी मूठ हलकी. तार सायलेन्सरच्या नळीस व इंजिनच्या डोक्यास लागूं देऊं नये, टाकीखालीं चेंगरूं देऊं नये. बांधणें असेल तेथें सैल फासा घालावा, तार त्यांतून सहज सरकली पाहिजे. पुढील ब्रेकच्या तारेस हँडलाच्या फिरण्याबरोबर फोर्कचें खालीवर होणेंहि सोसावें लागतें, म्हणून तिला अधिक सैल जागा द्यावी.

अ‍ॅक्सिलरेटरची तार जोडतांना कार्बोरेटरचें झांकण काढून पडदा, स्प्रिंग व सुई वर येतात. सुईची बारीक क्लिप हरवूं नये. खालीं पांढरें फडकें अंथरावें. पडदा परत घालतांना त्याची खांच आंतील खिट्टीवर आली पाहिजे व कापलेली बाजू हवेच्या गाळणीकडे. बळानें दाबला तर तो अडकतो, आणि अडकलेला पडदा म्हणजे मिटेनाशी मूठ.

क्लचच्या दांडीस दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवावी. ती नसली तर क्लच घसरून प्लेटा जळतात. फार झाली तर गिअर पडत नाहीं. मुठीसहि किंचित ढिलाई हवी. पुढचें चाक हातानें मोकळें फिरलें पाहिजे. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्यें चालू करून, हँडल डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत फिरवावें. इंजिनचा सूर तसूभरहि वाढतां कामा नये. वाढला तर गाडी रस्त्यावर नेऊं नये. हीच परीक्षा आम्हीं त्या दिवशीं दुकानाच्या दारांत घेतली असती, तर शेजाऱ्यांची माफी मागण्याची पाळी आली नसती.

स्क्रूचें निपल लावून तुटलेली तार घरापर्यंत आणतां येते. ब्रेकास मात्र तें कदापि लावूं नये. दूर जाणारांनीं क्लचची दुसरी तार चालू तारेशेजारींच त्याच वाटेनें घालून ठेवावी. वाटेंत पहिली तुटली तर फक्त दोन टोकें बदलावीं लागतात. ह्या राखीव तारेच्या दोन्ही टोकांवर प्लास्टिक गुंडाळून दोरा बांधावा, म्हणजे आंत धूळ व पाणी शिरत नाहीं.