सही करण्याआधी आखीव पत्रिका काढा

प्रश्न : मी अकोल्यात राहते, वय ३६. मिस्टर २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेले. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत आहे. कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचे डबे करते. उन्हाळ्यात शेवया, पापड, सरगुंडे, तिखट करून विकते. आता शेवयाची मशीन आणि चक्की घ्यायची आहे, दोन लाख लागतात. मुद्रा कर्ज मिळेल का? जीएसटी काढावा लागेल का? घर सासऱ्यांनी नोकरीत असताना बांधलेलं आहे. ते मागच्या दिवाळीत वारले. घरात सासूबाई, भासरे आहेत, नणंद अमरावतीला दिलेली आहे. भासरे म्हणतात, घर एकाच्या नावावर असलं की बँक लवकर कर्ज देते, मी माझ्या नावानं काढून देतो, तू फक्त एका कागदावर सही कर. धंदा वाढवला तर मुलांकडे दुर्लक्ष होईल अशीही भीती वाटते. काय करावं?
– एक भगिनी, अकोला

उत्तर : ताई, जीएसटीचं आधी उरकते. तुमच्या डब्यांच्या आणि शेवयांच्या उलाढालीला तो लागत नाही. ‘नंबर काढून ठेवा, पुढे कामी येतो’ म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मुद्रा कर्ज मिळू शकतं. पन्नास हजारांच्या वर आणि पाच लाखांपर्यंतचं कर्ज ‘किशोर’ गटात येतं, तुमचे दोन लाख त्यात बसतात. या योजनेत बँकेनं घर तारण मागायचं नसतं. म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे याचा तुमच्या कर्जाशी काडीचा संबंध नाही. मग सही कशावर मागताहेत, हे तुम्ही विचारायला हवं होतं. तुम्ही चक्कीचा भाव विचारून आलात आणि हा कागद वाचलाही नाहीत.

तो कागद बहुतेक हक्कसोड पत्र असणार. माझ्याकडे येणाऱ्या बायका ज्या कागदानं घराबाहेर पडल्या, तो हाच.

नवरा सासऱ्यांच्या आधी गेला म्हणजे सुनेचा हक्क संपला, असं वऱ्हाडात घरोघरी सांगतात. शिकलेली माणसंही सांगतात. ते साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा, मुलगा आणि मुलगी हे तिघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर घराचे चार हिस्से होतात : सासूबाईंचा एक, भासऱ्यांचा एक, नणंदेचा एक आणि तुमच्या मिस्टरांच्या शाखेचा एक. तो चौथा हिस्सा तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो. मृत्युपत्र असेल तर चित्र बदलतं, म्हणून ते आहे का, हे आधी विचारा. नुसतं ‘आहे’ असं उत्तर आलं तर प्रत मागा.

हक्कसोड पत्राला मुद्रांक किरकोळ लागतो आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काम लवकर उरकतं. तुम्हाला एक पैसा न मिळतासुद्धा ते पक्कं होतं. एकदा नोंदलं गेलं की ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून तिथे जाऊन रद्द करता येत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. सही कशी घेतली गेली हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो, आणि साक्षीदार म्हणून ज्यांनी सह्या केलेल्या असतात ते सगळे घरचेच निघतात.

मुलांचं आणखी वेगळं आहे. कागदात त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. अज्ञान मुलांचा स्थावर मालमत्तेतला हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. परवानगीशिवाय सोडला तर मुलं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकतात. पण तुमचा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत ते घर तिसऱ्या माणसाला विकलं गेलेलं असू शकतं. त्यानं कॉलेज करायचं की कोर्टाच्या तारखा?

भासरे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कदाचित मनापासून मदतच करत असतील. पण ‘तू राहा, तुला कोण काढतं’ हा शब्द तोंडी असतो आणि तो देणाऱ्याबरोबर जातो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत बाईला घराबाहेर काढणारा माणूस शब्द देणारा नव्हता. त्याचा मुलगा किंवा त्याची सून होती.

तुमच्या धंद्याला तर हे दुप्पट लागू आहे. चूल, पापड वाळवायची गच्ची, उद्यम नोंदणीचा पत्ता, अन्नपदार्थांच्या परवान्याचा पत्ता, सगळं त्या घरातच. घर गेलं तर डबेही गेले.

म्हणून या आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयातून घराच्या आखीव पत्रिकेची नक्कल काढा आणि त्यावर आज कोणाचं नाव आहे ते पाहा. भासऱ्यांना शांतपणे सांगा, वारस नोंद सगळ्यांची होऊ द्या, सासूबाईंची आणि नणंदेचीही. तिला तुम्हीच फोन करा. बहुतेक तिच्याकडेही हाच कागद पोहोचलेला असेल. दबाव आला तर अकोल्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

भासऱ्यांच्या नावानं कर्ज काढणं : नको. हप्ते तुम्ही भराल, मशीनचं बिल त्यांच्या नावाचं राहील. आठवड्याला वसुली करणाऱ्या खाजगी फायनान्सचा गट : नको. भिशी उचलून मशीन घेणं : तेही नको.

बँक तुम्हाला उत्पन्नाचा पुरावा मागेल. डब्यांचे पैसे कोणाच्या स्कॅनरवर घेता? पुतण्याच्या असेल तर आजच बदला. सहा महिने प्रत्येक रुपया स्वतःच्या खात्यात येऊ द्या, रोखीचाही भरणा करा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिला पैसे देऊ नका.

मुलांबद्दल. राज्याच्या बाल संगोपन योजनेत वडील गेलेल्या मुलांना दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, पण आले की शाळेचा खर्च त्यातून भागवा आणि तेवढी सुटलेली कमाई पोळ्या लाटायला बाई ठेवण्यात घाला. संध्याकाळचे दोन तास मोकळे होतील. याहून जास्त समतोल एकट्या आईला कोणी देऊ शकत नाही, आणि मुलांनी डबे भरायला हात लावला तर ते दुर्लक्ष नव्हे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला काही झालं तर मुलं कोणाकडे राहतील? वडिलांच्या मागे आईला मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमता येतो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. माहेरचं कोणी विश्वासाचं असेल तर त्यांना विचारून नाव लिहा. बँक खात्याला मुलांचं नाव नॉमिनी म्हणून लावलं असेल तर तिथेही पालक म्हणून त्याच व्यक्तीला नेमा.

मशीन संक्रांतीनंतर घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली तर हप्ता लगेच सुरू होईल आणि शेवयांचं गिऱ्हाईक थेट पुढच्या मार्चमध्ये येईल. चक्की बारमाही चालते, ती आधी घेतली तरी हरकत नाही.