खिडकीचे तावदान आणि घरातील ऊब

वडोदऱ्यात राहणाऱ्या आपणांस खिडकी म्हटली की वारा आठवतो. वैशाखात भर दुपारी झडपा लावून घ्याव्यात व दिवेलागणीस त्या उघडाव्यात, एवढेच खिडकीचे शास्त्र आपल्या घरोघरी चालत आलेले आहे. परंतु आपल्याच देशात सुमारे ३,५०० मीटर उंचीवर लेह नावाचे नगर आहे. तेथे हिवाळ्यातील रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. अशा ठिकाणी सदोष खिडकी म्हणजे जाळलेल्या इंधनाने अंगण तापविणे होय. बरे, खोली घट्ट बंद करून आत शेगडी पेटवावी, तर कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूने प्राण जाण्याचे भय. तेव्हा तेथे खिडकीची निवड हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग आपण वर्गात शिकतो. खिडकीतून ती ह्या तिन्ही मार्गांनी निसटते. प्रथम थोडे गणित करू. खिडकी दोन चौरस मीटरांची असून आत १५ अंश व बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस तापमान आहे असे समजा. एकेरी काचेतून सुमारे ३५० वॉट उष्णता सतत बाहेर जाईल. काच दुहेरी केली तर हा आकडा सुमारे १७० वर येतो.

हा चमत्कार दुसऱ्या काचेचा नव्हे, तर दोन काचांमध्ये कोंडलेल्या हवेचा आहे. काचेच्या मानाने स्थिर हवेतून उष्णतेचे वहन सुमारे चाळीस पटींनी कमी होते. मात्र हे अंतर १२ ते १६ मिलिमीटर असावे. ते फार वाढले तर हवा आतल्या आत फिरू लागते व अभिसरणाने उष्णता वाहून नेते. हवेऐवजी आर्गॉन वायू भरला आणि काचेला चांदीचा अतिसूक्ष्म, पारदर्शक मुलामा दिला, तर खोलीतील उष्णतेचे प्रारण परत आत वळते. मग वरील खिडकीतून जेमतेम ८० वॉट उष्णता जाते.

परंतु काच उत्तम असून चौकट धातूची असेल, तर उष्णता चौकटीतून पळते. म्हणून थंड प्रदेशात लाकडी चौकट बरी. फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या नाहीत, तर सारा खर्च वाऱ्यावर गेला म्हणून समजावे! आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. त्यामुळे सखल प्रदेशात बंद केलेली दुहेरी काच तेथे नेली की आतल्या हवेच्या दाबाने फुगते, प्रसंगी तडकते. मागणी नोंदवितानाच कारखानदारास उंची सांगणे अवश्य आहे.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा. डिसेंबरच्या अखेरीस लेहला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर असतो. त्याची किरणे दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत दूरवर शिरतात. जूनमध्ये तोच सूर्य सुमारे ७९ अंशांवर चढतो, तेव्हा लहानशी पडवीही त्यास अडविते. लेहजवळील फे येथे सेकमोल ह्या संस्थेच्या मातीच्या इमारती ह्याच तत्त्वावर दक्षिणाभिमुख बांधलेल्या असून सूर्याच्या उष्णतेने ऊबदार राहतात. ज्यांस दुहेरी काच परवडत नाही, अशी कुटुंबे हिवाळ्यापुरता दक्षिणेच्या बाजूस पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावतात. रात्री आतून जाड पडदा ओढला, तर दिवसाची कमाई बरीचशी टिकते.

वडोदऱ्यात हाच नियम उलट वाचावा लागतो. येथे जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. दक्षिणेची खिडकी छज्जाने सहज झाकते. खरा त्रास पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांचा, कारण तेथे सूर्य तिरपा येतो. त्यास काचेच्या बाहेरच, झडपेने वा वाळ्याच्या ताट्याने अडवावे. एकदा ऊन काचेतून आत आले की साधी दुहेरी काचही फारशी कामी येत नाही. उलट आत आलेली उष्णता ती कोंडून ठेवते.

म्हणून घर बांधताना प्रथम दिशा पाहावी, मग फटी बुजवाव्यात आणि काचेची किंमत शेवटी विचारावी. पहिल्या गोष्टीस पैसा लागत नाही, दुसरीस थोडा लागतो. आणि ह्या दोन्ही साधल्यावाचून तिसरीचे मोल वसूल होत नाही.