जंतूंच्या वह्या कशा तपासतात?

घरचे कोणी दवाखान्यात दाखल झाले की दिलसुखनगरहून डबा घेऊन आपण भेटायला जातो. पण बरे व्हायला गेलेल्या माणसाला कधीकधी तिथेच नवा जंतुसंसर्ग होतो. तो जंतू आला कुठून, हे आता त्याचा जनुकक्रम वाचून शोधता येते. कसे ते पाहू.

जीवाणूच्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत त्यावर जीवाणूची माहिती लिहिलेली असते. एका जीवाणूचे दोन होताना या मजकुराची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. दोन वह्यांत तीच चूक दिसली की कोणी कोणाचे उतरवले, हे बाई ओळखतात ना? शास्त्रज्ञही तेच करतात. दोन रुग्णांच्या जंतूंची जवळजवळ सारी अक्षरे जुळली, तर संसर्गाचा उगम एकच असण्याची शक्यता मोठी.

२०११ साली इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात एमआरएसए हा जंतू पुनःपुन्हा सापडत होता. जनुकक्रम जुळवल्यावर एका कर्मचाऱ्याच्या अंगावरही तोच जंतू असल्याचे कळले आणि उपचार करता आले.

आपल्या हैदराबादनेही असे काम केले आहे. पुण्यातील एका रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या संसर्गातून मिळालेल्या 'एनए ११४' या ई. कोलाय जीवाणूचा, सुमारे ५० लाख अक्षरांचा जनुकक्रम गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठातील डॉ. नियाज अहमद यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केला. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा हा जीवाणू जगभर पसरलेल्या 'एसटी १३१' कुळातला निघाला.

पालकांनी लक्षात ठेवावे: प्रतिजैविकाने साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून अशी औषधे आणू नयेत आणि शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. रुग्णाला भेटण्यापूर्वी व नंतर आपण सर्वांनीच साबणाने हात धुवावेत.

स्वाध्याय: कोणत्या दोन रुग्णांचे जंतू जवळचे? किती अक्षरांचा फरक आहे?

रुग्ण १: ए टी जी सी सी ए
रुग्ण २: ए टी जी सी टी ए
रुग्ण ३: टी टी सी सी ए जी