धानकापणी यंत्राची इंधनप्रणाली : देखभाल आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हटले जाते. रायपूरच्या मैदानी भागात खरीप धानाची कापणी मुख्यत्वे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. सर्व शेतांतील पीक एकाच सुमारास तयार होत असल्याने या दिवसांत मजुरांची टंचाई जाणवते. महाराष्ट्रातील गोंदिया, भंडारा व गडचिरोली या धानउत्पादक जिल्ह्यांतही हाच अनुभव येतो. लहान शेतकऱ्याला मोठे कापणी यंत्र परवडत नाही. त्यामुळे खांद्याला अडकवून चालविता येणारे, पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर त्याला सोयीचे ठरते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून यंत्रखरेदीस अनुदान व भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना साहाय्य देण्यात आले. तथापि, यंत्र ऐन हंगामात सुरू झाले नाही, तर या साऱ्याचा लाभ शून्यवत होतो.

इंधनप्रणालीची रचना

ब्रश कटरमध्ये बहुधा दोन-स्ट्रोक इंजिन असते. त्यात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच विशिष्ट तेल मिसळावे लागते. १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल म्हणजे ५०:१ आणि ४० मिलिलिटर तेल म्हणजे २५:१ असे प्रमाण होते. कोणते प्रमाण वापरावयाचे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेवरून ठरवावे. चार-स्ट्रोक इंजिनात मात्र वंगणतेल स्वतंत्र असते. त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळू नये.

टाकीच्या तळाशी असलेल्या फिल्टरमधून इंधन नळीवाटे कार्ब्युरेटरमध्ये येते. तेथे ते हवेत मिसळून इंजिनात जाते. यंत्र तिरके झाले तरी इंधनपुरवठा खंडित होऊ नये, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये डायाफ्राम, म्हणजे लवचीक पातळ पडदा, बसविलेला असतो. हा पडदा ताठरला की इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते.

बिघाडाचे मूळ

उन्हाळी धानाची कापणी आटोपल्यावर यंत्र कोठारात ठेवले जाते आणि बाहेर निघते ते थेट ऑक्टोबरमध्ये. रायपूरच्या मे महिन्यातील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा उष्णतेत टाकीत उरलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात व चिकट थर मागे राहतो. हा थर कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. त्यानंतर चार महिने पावसाळी दमट हवा असते.

येथे इथेनॉलचा संबंध येतो. देशात इथेनॉल मिश्रण कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाबरोबरच खराब व अतिरिक्त धान्यापासून इथेनॉलनिर्मितीस वाव दिला. २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट साध्य झाले. त्याच वर्षी २० टक्क्यांच्या उद्दिष्टाची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर आणली गेली आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांच्या पातळीवर पोचले. खनिज तेलाच्या आयातीवरील खर्च कमी करणे आणि शेतमालाला नवी बाजारपेठ देणे, हे या धोरणाचे हेतू होत.

मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात; वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. फिल्टर तळाशी असल्याने इंजिनाला तेलविरहित द्रव मिळतो. परिणामी यंत्र सुरू होत नाही आणि झालेच, तर वंगणाअभावी पिस्टन जाम होण्याचा धोका संभवतो. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पडदेही इथेनॉलमुळे लवकर खराब होऊ शकतात.

देखभालीचा क्रम

काम उघड्यावर, आगीपासून दूर आणि इंजिन थंड झाल्यावर करावे. प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी. झाकणाभोवतीची माती पुसूनच टाकी उघडावी. जुने इंधन पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवावे. दोन थर दिसल्यास ते पुन्हा वापरू नये. टाकीतील फिल्टर आकड्याच्या तारेने बाहेर ओढून काळवंडला असल्यास बदलावा. नळीला व प्रायमर बल्बला तडे आहेत का, हे पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन इंजिन थोड्या वेळाने बंद पडते, म्हणून तेही तपासावे.

स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. कार्ब्युरेटरच्या छिद्रांत तार घालू नये. त्यामुळे छिद्र मोठे होऊन मिश्रणाचे प्रमाण बिघडते. छिद्रे स्वच्छक द्रवाने साफ करावीत आणि ताठरलेला डायाफ्राम बदलावा.

हंगामानंतर टाकी रिकामी करावी. नंतर वायर पुन्हा जोडून, इंजिन मंद गतीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनही संपते. नव्या हंगामात ताजे पेट्रोल घेऊन साधारण महिनाभर पुरेल एवढेच मिश्रण बंद डब्यात तयार करावे.

विकासाच्या दृष्टीने

रायपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण देते. परंतु प्रत्यक्ष दुरुस्ती गावातच व्हावी लागते. अवजार केंद्रांतील चालकांना व ग्रामीण युवकांना हे कौशल्य दिल्यास शेतकऱ्याचा हंगाम वाचेल आणि गावात रोजगारही निर्माण होईल. यंत्राला अनुदान मिळते ते एकदा. देखभाल दर वर्षी करावी लागते. इंधनाचे धोरण बदलते तेव्हा यंत्र वापरण्याची रीतही बदलावी लागते आणि ती माहिती शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचविणे हा धोरणाच्या अंमलबजावणीचाच भाग होय.